दोन्ही तीरांवरची रात्र

समुद्रापलीकडे रेडिओ संदेश पाठवायचा म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात प्रथम शक्तीचा विचार येतो. जितका प्रेषक बलवान तितका संदेश दूर जाणार, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. कमी कंप्रतेच्या लहरींच्या बाबतीत ही समजूत बाजूला ठेवावी लागते. दुपारी बारा वाजता शंभर वॉटच्या जागी हजार वॉटचा प्रेषक लावला तरी ही लहर समुद्र ओलांडीत नाही, आणि योग्य वेळ साधली तर शंभर वॉटही पुरतात. ती योग्य वेळ कशी शोधावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कमी कंप्रता म्हणजे येथे मुख्यतः १.८ आणि ३.५ मेगाहर्ट्झ यांच्या आसपासचे दोन पट्टे समजावेत. हौशी रेडिओचालक त्यांना तरंगलांबीवरून १६० मीटर आणि ८० मीटर असे म्हणतात. यांच्याही खाली, ४७२ आणि १३६ किलोहर्ट्झच्या आसपास, काही देशांत हौशी चालकांना अगदी अरुंद पट्टे मिळालेले आहेत. परंतु १३६ किलोहर्ट्झला तरंगलांबी दोन किलोमीटरच्या वर जाते आणि ते काम निराळ्याच चिकाटीच्या माणसांचे आहे.

पृथ्वीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा सर्वांत खालचा थर असतो. त्याला डी थर म्हणतात. तो सूर्यप्रकाशाने निर्माण होतो आणि सूर्य मावळला की थोड्याच वेळात जवळजवळ नाहीसा होतो. या थरात हवा तुलनेने दाट असल्यामुळे लहरीने हलविलेले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंवर आदळतात व लहरीची शक्ती उष्णतेत वाया जाते. ढोबळमानाने हे शोषण कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे कंप्रता निम्मी केली की शोषण चौपट होते. म्हणूनच १४ मेगाहर्ट्झची लहर भर दिवसा डी थर भेदून वरच्या एफ थरावरून परावर्तित होते आणि १.८ मेगाहर्ट्झची लहर खालीच जिरते. रात्री मात्र डी थर नसतो. मग तीच लहर अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीच्या एफ थरापर्यंत पोचते, तेथून खाली येते, समुद्राच्या पाण्यावरून पुन्हा वर जाते, आणि अशा झेपा घेत पुढे सरकते. एका झेपेत फार तर चार हजार किलोमीटर कापले जातात.

याचा पडताळा पाहण्यासाठी परवान्याची गरज नाही. घरातला जुना ट्रान्झिस्टर मध्यम लहरीवर लावून दुपारी काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावा, आणि रात्री नऊ वाजता पुन्हा न्यावा. दुपारी एखाददुसरे जवळचे केंद्र लागते. रात्री त्याच जागी दूरदूरची केंद्रे एकमेकांवर चढलेली ऐकू येतात. प्रेषकांची शक्ती तीच असते. मधला डी थर तेवढा गेलेला असतो.

तेव्हा पहिला नियम असा : लहरीच्या संपूर्ण मार्गावर रात्र असली पाहिजे. आपल्या गावी अंधार पडला एवढे पुरेसे नाही. पलीकडच्या तीरावरही तो पडलेला असला पाहिजे आणि मधल्या समुद्रावरही.

हौशी चालकांना हे ज्ञान पुस्तकातून मिळाले नाही. १९२१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संकेत इंग्लंडमध्ये ऐकण्याचा एक प्रयत्न झाला आणि तो फसला. त्याच वर्षी डिसेंबरात पॉल गॉडली नावाचा अमेरिकन तज्ज्ञ आपली ग्राही यंत्रे घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथे गेला. गावाबाहेरच्या ओल्या शेतात त्याने तंबू ठोकला, सुमारे १३०० फूट लांबीची तार जमिनीपासून थोड्या उंचीवर सरळ ताणली, आणि थंडीपावसात रात्रीमागून रात्र कानाला श्रवणयंत्र लावून तो बसला. ११ आणि १२ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथील १बीसीजी या केंद्राचा संपूर्ण संदेश त्याने उतरवून घेतला. तरंगलांबी होती सुमारे २३० मीटर. ऋतू हिवाळ्याचा, वेळ रात्रीची, आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना अंधार. हे तीनही योग जुळवून आणले होते, हे आज मागे वळून पाहताना जितके स्पष्ट दिसते तितके तेव्हा दिसत नसावे. १९२३च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील लेऑन देलॉय यांनी अमेरिकेशी पहिला दुतर्फा संपर्क साधला तोही रात्रीचाच.

मराठी वाचकाला, निदान दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला, याहून जवळची वाटावी अशी एक घटना आहे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतील अठरा वर्षांचा विद्यार्थी सेसिल गॉयडर याने न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथील फ्रँक बेल याच्याशी मोर्स संकेतांनी बोलणे केले. तरंगलांबी शंभर मीटरच्या आतबाहेर होती. न्यूझीलंड हे इंग्लंडच्या जवळजवळ बरोबर पाठीमागे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आहे. तेथे रात्र असते तेव्हा येथे दिवस असतो. मग दोन्हीकडे रात्र असण्याची अट कशी पुरी व्हावी? संपर्क झाला तो लंडनला पहाट होत असताना आणि न्यूझीलंडला संध्याकाळ होत असताना. एकाची रात्र संपत होती, दुसऱ्याची सुरू होत होती, आणि त्या दोहोंच्या सांध्यातून लहर गेली. हेच गॉयडर पुढे १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून दिल्लीत आले आणि आपल्या देशातील लघुलहरी प्रक्षेपणाची उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. आकाशवाणीच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते अधिकारी म्हणून. शाळकरी वयातली त्यांची ती पहाट तेथे सहसा कोणी सांगत नाही.

दिवस आणि रात्र यांना विभागणारी ही सीमारेषा म्हणजे काटेकोर रेघ नव्हे. तो अंधुक उजेडाचा पट्टा आहे. आपण त्याला संधिप्रकाशरेषा म्हणू. या रेषेजवळ डी थर अजून पुरता बनलेला नसतो किंवा नुकताच विरलेला असतो. पहाटे सूर्य उगवण्याच्या सुमारास दूरचे संकेत काही मिनिटे एकाएकी बळावतात आणि मग झपाट्याने बुडतात, हा अनुभव कमी कंप्रतेवर काम करणाऱ्या सर्वांचा आहे. १.८ मेगाहर्ट्झवर ही संधी कधी दहा मिनिटांची असते, कधी वीस, ३.५ वर ती अधिक लांबते.

आता प्रत्यक्ष नियोजनाकडे वळू. मूळ ग्रंथातील उदाहरण अटलांटिकचे आहे. मराठी आवृत्तीत त्याऐवजी अनुवादकाने हे पान जेथे लिहिले ते दिल्लीचे लक्ष्मीबाई नगर हे एक टोक घेतले आहे, आणि दुसरे टोक मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातली कुटुंबे मुंबई बंदरातून त्या बेटावर मजुरीसाठी गेली. त्यांचे वंशज आजही तेथे स्वतःला मराठी म्हणवितात. निवडीला एवढे कारण पुरेसे होते. परंतु आकडे मांडल्यावर या जोडीत एक अनपेक्षित गोष्ट सापडली.

दिल्लीचा अक्षांश सुमारे २८.६ उत्तर आणि रेखांश ७७.२ पूर्व, मॉरिशसच्या पोर्ट लुईचा अक्षांश २०.२ दक्षिण आणि रेखांश ५७.५ पूर्व. अंतर सुमारे ५८०० किलोमीटर, म्हणजे निदान दोन झेपांचे. मार्ग पाहण्यासाठी सपाट नकाशा वापरू नये. पृथ्वीगोल घ्यावा आणि दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा दिल्लीहून दक्षिणेच्या थोडा पश्चिमेकडे निघतो, मुंबईच्या माथ्यावरून जातो, अरबी समुद्रात उतरतो आणि विषुववृत्त ओलांडून मॉरिशसला पोचतो. हाच दोरा दिल्लीहून न्यूयॉर्ककडे ताणून पाहिला तर तो सत्तर अंश उत्तरेच्या पलीकडे, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून जाताना दिसेल. सूर्यावरच्या वादळांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळले गेले की तो मार्ग दिवसेंदिवस मुका होतो. मॉरिशसच्या मार्गाला ती भीती पुष्कळ कमी.

२१ डिसेंबरच्या सुमारास दिल्लीचा सूर्यास्त ५ वाजून २८ मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी होतो. मॉरिशसची घड्याळे आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत. तेथील वेळा भारतीय वेळेत बदलल्या तर सूर्यास्त रात्री ८ वाजून १९ मिनिटांनी आणि सूर्योदय सकाळी ६ वाजून ५७ मिनिटांनी येतो. दोन्हीकडची सामाईक रात्र ८.१९ पासून ६.५७ पर्यंत, साडेदहा तासांहून थोडी अधिक. २१ जूनच्या सुमारास दिल्लीचा सूर्यास्त ७.२२ ला व सूर्योदय ५.२४ ला, मॉरिशसचा सूर्यास्त भारतीय वेळेने ७.०९ ला आणि सूर्योदय ८.१५ ला. सामाईक रात्र दहा तासांची. एक गोलार्ध उन्हाळ्यात तर दुसरा हिवाळ्यात, त्यामुळे वर्षभर हिशेब जवळजवळ सारखाच राहतो.

अनपेक्षित गोष्ट ही, की डिसेंबरात दोन्ही ठिकाणचे सूर्योदय अवघ्या तेरा मिनिटांच्या अंतराने होतात, आणि जूनमध्ये दोन्ही सूर्यास्तही तेरा मिनिटांच्याच अंतराने. कारण भूमितीचे आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. म्हणून डिसेंबरातील पहाटेची संधिप्रकाशरेषा विषुववृत्तापाशी उत्तर-दक्षिण दिशेशी साडेतेवीस अंशांचा कोन करते. दिल्ली-मॉरिशस मार्गही दिल्लीहून निघताना दक्षिणेपासून जवळजवळ तेवढाच कललेला आहे. त्या दिवसांत पहाट दिल्लीला, मुंबईला आणि मॉरिशसला जवळजवळ एकाच वेळी होते. कोकण सोडून गेलेल्या त्या गलबतांवर आणि मागे राहिलेल्या गावांवर हिवाळ्याच्या सुरुवातीला सूर्य बरोबरच उगवत असला पाहिजे, असा विचार हिशेब करताना मनात आल्यावाचून राहिला नाही. अर्थात रेडिओशी त्याचा संबंध नाही.

येथे अनुवादकाची एक चूक नोंदविणे उपयोगाचे होईल. पहिल्या वेळी सूर्यास्ताच्या वेळा भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेतून घेतल्या. अशा दिनदर्शिकांत बहुधा मुंबईच्या वेळा छापलेल्या असतात. डिसेंबरात मुंबईचा सूर्योदय दिल्लीच्या सूर्योदयाच्या दोन-तीन मिनिटे अलीकडे येतो, त्यामुळे सकाळचा हिशेब चुकला नाही आणि चुकीचा संशयही आला नाही. मुंबईचा सूर्यास्त मात्र ६ वाजून ५ मिनिटांनी होतो, दिल्लीहून तब्बल ३७ मिनिटांनी उशिरा. त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहराकडील संकेत ऐकण्याचा बेत होता. पर्थला त्या दिवशी भारतीय वेळेने ४ वाजून ५२ मिनिटांनीच अंधार पडतो; दिल्लीचा सूर्य मावळताच मार्ग उघडणार होता, आणि आम्ही अर्धा तास उशिरा गच्चीवर पोचलो. वेळा आपल्याच गावच्या घ्याव्यात. आपले अक्षांश-रेखांश माहीत असतील तर त्या मिनिटापर्यंत मोजता येतात.

वेळेसंबंधी दुसरी सावधगिरी तारखेची. हौशी चालक परस्परांशी ठरविताना जागतिक वेळ वापरतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. म्हणून पहाटे साडेपाचपूर्वीची भेट ठरविली तर जागतिक वेळेत तारीख आदल्या दिवसाची येते. २१ तारखेची पहाटे पाचची भेट म्हणजे २० तारखेचे २३.३०. एक जण उठून बसलेला आणि दुसरा दुसऱ्या दिवसाची वाट पाहत झोपलेला, असे प्रसंग यातून घडतात.

सामाईक रात्र साडेदहा तासांची असली तरी तिचा प्रत्येक तास सारखा नसतो. कमी कंप्रतेवर खरा शत्रू गोंगाट. विजेच्या प्रत्येक लखलखाटाबरोबर याच कंप्रतांवर मोठी खरखर उत्पन्न होते आणि रात्री ती हजारो किलोमीटर पसरते. विषुववृत्ताच्या दोन बाजूंना असलेल्या दोन गावांपैकी एकाकडे नेहमीच उन्हाळा, म्हणजे मेघगर्जनेचा ऋतू असतो. जूनच्या संध्याकाळी, जेव्हा दोन्ही सूर्यास्त जुळतात, नेमके तेव्हाच उत्तर भारतावर वळवाचे किंवा मोसमी ढग गडगडत असतात. डिसेंबरात वादळे दक्षिणेकडे. परंतु जमिनीवरची वादळे दुपारनंतर वाढतात आणि पहाटेपर्यंत बरीच ओसरतात. म्हणून या जोडीसाठी डिसेंबर-जानेवारीची पहाट निवडावी, जूनची संध्याकाळ निवडू नये. दिल्लीचे धुके त्या वेळी दाट असते, पण त्याची चिंता नको. ऐंशी मीटरच्या लहरीला धुक्याचे थेंब जाणवतही नाहीत.

संधिप्रकाशरेषेवरून जाणारा मार्ग म्हणजे हमी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. काही लेखक या रेषेचे असे वर्णन करतात की जणू लहर तिच्यावरून रुळावरून धावावी तशी धावते. रेषा जर पूर्ण मार्गावर एकदमच आली तर पूर्ण मार्गावर डी थरही एकदमच बनू लागतो. तेव्हा शहाणपणाचा बेत असा की, मार्ग अजून संपूर्ण काळोखात असताना सव्वासहाला सुरुवात करावी, ६.५७ च्या आसपासच्या मिनिटांवर सर्वाधिक भिस्त ठेवावी, आणि सव्वासातला यंत्र बंद करावे. दिल्लीने सम मिनिटांत बोलवावे, मॉरिशसने विषम मिनिटांत. नाहीतर दोघेही एकाच वेळी बोलत राहतात आणि दोघेही म्हणतात की पलीकडे कोणी नव्हते. मोर्स संकेताला ग्राहीत दोनशे हर्ट्झची फट पुरते, बोलण्याला अडीच हजारांच्या आसपास लागते. अरुंद फटीतून गोंगाटही तितकाच कमी शिरतो. २०१७ सालापासून प्रचारात आलेली एफटी८ ही संगणकीय पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत चालते आणि कानाला न जाणवणारे संकेतही उलगडते. ज्यांना मोर्सचे वेड नाही त्यांनी ती अवश्य वापरावी.

आता आकाशक, म्हणजे बोली भाषेतला एरियल. १.८ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची उभी तार ४० मीटरहून उंच हवी. सरकारी वसाहतीत, आणि तेही सफदरजंग विमानतळ शेजारी असताना, असा खांब उभारण्याचा विचारही करू नये. गच्चीपर्यंत दहा मीटर तार उभी नेऊन पुढे आडवी ताणता येते. या दहा मीटरांचा उत्सर्जन-रोध १.८ वर जेमतेम पाच-सहा ओम भरतो. जमिनीतील हानी वीस ओम धरली तर शंभर वॉटपैकी वीस-बावीस वॉट आकाशात जातात आणि उरलेले बागेतली माती तापवितात. ३.५ वर त्याच तारेचा रोध वीस ओमच्या वर जातो व निम्मी शक्ती कामी येते. नवख्याने ३.५ पासून आरंभ करावा तो एवढ्यासाठी. समुद्राचे पाणी साधारण मातीच्या हजारपट सुवाहक असते. मॉरिशसच्या किनाऱ्यावरील चालकाला हा लाभ आयता मिळतो, कोकणातल्यालाही मिळेल. दिल्लीकराने तारेखाली जमिनीवर शक्य तितक्या तारा पसराव्यात आणि पलीकडच्याच्या नशिबावर समाधान मानावे.

ऐकण्यासाठी मात्र ही तार वापरू नये. गॉडलीची १३०० फुटी तार वसाहतीत मावणार नाही. पण मीटरभर व्यासाचे तारेचे कडे लाकडी दांड्यावर बसवून फिरविता आले तर पुष्कळ काम होते. अशा कड्याला दोन दिशांनी ऐकू येत नाही. ती बधिर दिशा गोंगाटाच्या उगमाकडे वळवावी. उगम शोधायला खिशातला ट्रान्झिस्टर पुरे. बहुतेक वेळा तो जिन्यातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा दूरचित्रवाणीचा डबा निघतो. अशा वेळी विज्ञानापेक्षा शेजारधर्म उपयोगी पडतो. सकाळी सहा ते सव्वासात तेवढा दिवा बंद ठेवाल का, असे नम्रपणे विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे चक्रही पाहावे. डाग कमी असतात ती वर्षे कमी कंप्रतेला अनुकूल. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा अनुकूल वर्षे या दशकाच्या शेवटाकडे येतील. तोवर थांबण्याचे कारण नाही.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे वाचक विचारील. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचे एक पथक अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे जगभराशी संपर्क साधीत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. बेटांचा इतर दळणवळणाशी संबंध तुटला तेव्हा त्या पथकाने आपला खेळ थांबवून आपत्तीचे संदेश पोचविण्याचे काम हाती घेतले. दिल्ली ते पोर्ट ब्लेअर हे अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे आणि सूर्य तेथे दिल्लीहून तासाभराच्या फरकाने फिरतो. संकटात वेळ निवडता येत नाही. मग हातातल्या वेळेला कोणता पट्टा चालेल हे निवडावे लागते. दुपारी वरचा, रात्री खालचा, आणि मधल्या तासांत कोणता, हे ज्याच्या वहीत लिहिलेले आहे त्याला शोधत बसावे लागत नाही.

ही वही रोज लिहावी, विशेषतः काहीच ऐकू आले नाही त्या दिवशी. तारीख जागतिक वेळेने, दोन्हीकडचे सूर्योदय, पट्टा, गोंगाटाची पातळी, पहिला संकेत केव्हा उमटला आणि शेवटचा केव्हा बुडाला, एवढे रकाने पुरेत. लक्ष्मीबाई नगरातील शेजाऱ्यांच्या परवानाधारक केंद्रावर अनुवादकाने ज्या तीन सकाळी ऐकले, त्यांतील पहिल्या दोन रकान्यांत फुली आहे. तिसऱ्या दिवशी ३.५ मेगाहर्ट्झवर ६.४१ ला दक्षिणेकडून एक पुसट मोर्स संकेत सुरू झाला, ६.५५ च्या पुढे तो पाच मिनिटे स्वच्छ होता, आणि ७.०८ नंतर उमटला नाही. केंद्राचे नाव दोनदा अर्धे कळले, पूर्ण कळले नाही; म्हणून त्या रकान्यात काही लिहिलेले नाही.